नाशिकरोड ते द्वारका : साळवे साहेबांचा बसरस्ता

श्री. प्रल्हादराव साळवे यांची आणि माझी पहिली भेट कचेरीत झाली नाही. ती नाशिकरोडच्या बसथांब्यावर, रांगेत झाली. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पदविका घेऊन मी नुकताच शहर बस खात्याच्या नियोजन शाखेत लागलो होतो. हजर व्हायला गेलो तेव्हा शिपायाने सांगितले, "साहेब थांब्यावर आहेत, तिकडेच जा." एप्रिलचे ऊन होते. पांढरा बुशशर्ट घातलेले, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेले एक चाळिशीचे गृहस्थ रांगेच्या शेवटी उभे होते. मी नाव सांगितले.

"कुटे ना? सायखेड्याचे? उभे राहा माझ्या मागे."

एक बस आली ती न थांबताच गेली. दुसरी थांबली, चार-दोन माणसे आत कोंबली आणि निघाली. मी धीर करून म्हणालो, "साहेब, आपण कोण ते सांगितलं तर ड्रायव्हर थांबवेल."

"थांबवेल की. पण मग आपल्याला काहीच कळणार नाही," ते म्हणाले. "आज आपल्याला उशीर झाला पाहिजे."

उशीर झालाच. शहरात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मला विचारले, "कुटे, आज तुम्ही रोजंदारीवर असता तर काय झालं असतं?"

"खाडा पडला असता."

"तिथून सुरुवात करू," ते म्हणाले आणि टेबलावर नाशिकरोड स्टेशन ते शहरातला द्वारका चौक या रस्त्याचा नकाशा पसरला. माझी नोकरी त्या नकाशापासून सुरू झाली.

साहेबांचे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळाशेजारच्या चाळीत त्यांचे बालपण गेले. शिकून इंजिनियर झालेले ते त्यांच्या वस्तीतले पहिलेच. बौद्ध समाजातला माणूस शाखाप्रमुखाच्या खुर्चीवर आल्याचे कचेरीतल्या काही जणांना जड जात असे, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. पुढे त्यांनी बसरस्त्याची योजना मांडली तेव्हा "साळव्यांचा रस्ता" हे शब्द जिन्यात, चहाच्या टपरीवर एका विशिष्ट हसण्यासोबत ऐकू येत. साहेबांच्या कानावर ते जात नसे असे नाही. ते फक्त चष्मा पुसत आणि पुढच्या कामाला लागत. मला चीड येई. एकदा मी तसे म्हणालो तर म्हणाले, "हसू द्या. रस्ता झाला की तेही त्याच बसमध्ये बसतील."

योजना ऐकायला सोपी होती. नाशिकरोडहून शहरात येणाऱ्या पुणे रस्त्यावर ट्रक, टांगे, सायकली आणि बैलगाड्या यांच्या गर्दीत बस अडकते. म्हणून रस्त्याच्या एका कडेला फक्त बससाठी पट्टा राखायचा, त्यात दुसरे कोणतेही वाहन येऊ द्यायचे नाही. थांबे मोजके ठेवायचे. तिकीट बसमध्ये चढण्याआधीच थांब्यावर द्यायचे, म्हणजे दारात खोळंबा होणार नाही. आणि थांब्यावर रेल्वेसारखा फलाट बांधायचा.

या फलाटाची गोष्ट सांगायलाच हवी. वाटेतल्या उपनगर नावाच्या वस्तीच्या थांब्यावर विमल तुपे नावाच्या एक शिक्षिका रोज उभ्या असत. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट होता. शालिमारजवळच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत. बसची पायरी उंच असल्यामुळे कंडक्टर दंडाला धरून त्यांना आत ओढून घेई, आणि आतली माणसे बघत राहत. कधी कंडक्टरला वेळ नसे. मग बस तशीच जाई. साहेबांनी हे पाहिले होते. एक दिवस मला बरोबर घेऊन ते त्यांच्याशी बोलायला गेले.

"बाई, आम्ही नवा थांबा बांधतोय. पायरी किती उंच असलेली चालेल तुम्हाला?"

विमलबाईंनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. थट्टा आहे की काय असे त्यांना वाटले असावे. मग म्हणाल्या, "पायरीच नसली तर चालेल."

साहेब डेपोत परत आले आणि त्यांनी सुताराकडून लाकडी फळ्यांचा फलाट करून घेतला, अगदी बसच्या तळाला टेकेल असा. त्यावरून आम्ही सगळे आत-बाहेर चालून पाहिले. सिमेंटचे फलाट पुढे त्याच मापाने झाले.

आता खर्चाकडे येतो, कारण साहेबांचे आयुष्य त्यातच खर्ची पडले. त्यांनी केलेल्या अंदाजपत्रकाचे दोन भाग होते. पहिला भाग बांधणीचा : जमीन, खडी, डांबर, फलाट, नव्या बसगाड्या. दुसरा भाग चालवण्याचा : डिझेल, टायर, सुटे भाग, ड्रायव्हर-कंडक्टरांचे पगार, पट्ट्यात दुसरी वाहने घुसू नयेत म्हणून लागणारी माणसे, उखडलेला रस्ता दुरुस्त करणे, आणि काही वर्षांनी गाड्या जुन्या झाल्या की त्यांच्या जागी नव्या घेणे. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जाडजूड होता. तिकिटाच्या पैशातून तो भागणार नाही, दरवर्षी वरून मदत लागेल, हे त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

वरून, म्हणजे मुंबईहून, आलेल्या सरकारी समितीपुढे ही योजना ठेवली त्या बैठकीला मी नकाशे धरून उभा होतो. अध्यक्ष मोठे सज्जन, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पहिला भाग मन लावून पाहिला. दुसऱ्या भागाची पाने मिटून बाजूला ठेवली.

"साळवे, योजना उत्तम आहे. पण हे मागचं काढा."

"साहेब, त्याशिवाय बस चालणार नाही."

"अहो, बांधायला पैसा मिळतो. बांधलेलं दिसतं, त्याचं उद्घाटन होतं. दरवर्षीच्या टायरांचं उद्घाटन कोण करणार? हे दुसरं प्रकरण जोडलंत तर पहिलंही नामंजूर होईल. ठरवा तुम्ही."

साहेबांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा भाग काढून सही केली. मला म्हणाले, "कुटे, एकदा लोक चढले की त्यांना खाली उतरवायची हिंमत कोणाची होणार नाही. पैसे द्यावेच लागतील सरकारला."

गौरवलेखात ही गोष्ट शोभणार नाही असे मला वाटले होते. पण हा लेख लिहिण्यापूर्वी मी परवानगी मागायला गेलो तेव्हा साहेबांनी एकच अट घातली. "सहीचं लिहा. ते गाळलंत तर बाकीचं छापू नका." म्हणून ते लिहिले आहे.

बसरस्ता झाला. उद्घाटनाला अध्यक्षांनी फीत कापली, त्यांचे नाव असलेली फरशी द्वारकेच्या फलाटावर बसली. साहेब मंडपात मागच्या रांगेत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उपनगरच्या फलाटावर होते आणि मीही होतो. विमलबाई काठी टेकत आल्या. बस फलाटाला लागली, दार उघडले आणि त्या सपाट जमिनीवरून चालावे तशा आत गेल्या. कोणी हात धरला नाही, कोणी पाहिलेही नाही. खिडकीजवळ बसल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहून फक्त मान हलवली. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसल्यासारखे केले. सकाळचा गारवा होता.

ती वर्षे चांगली गेली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले कामगार पाळी संपवून नाशिकरोडला येत आणि तिथून बसने वेळेत घरी पोहोचत. "पोरं जागी असताना घरी जातो आता," असे त्यांच्यातला एक जण मला म्हणाला होता. बाजाराला येणाऱ्या बाया पाट्या सरळ फलाटावरून आत सरकवत. जिन्यात हसणारेही त्याच बसमध्ये बसू लागले, साहेब म्हणाले होते तसे.

त्याच काळात माझ्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन नाशिकला करायचे ठरले. मला रजा मिळेना, कारण पट्ट्याच्या दुरुस्तीचे काम माझ्याकडे होते. साहेबांनी मला विचारलेही नाही. स्वतः सायखेड्याला गेले, आईला घेऊन आले, दवाखान्यात दाखल केले, आणि त्यांच्या पत्नी कमलवहिनींनी आठवडाभर घरचा डबा पोहोचवला. माझी आई जुन्या वळणाची. साहेबांचे आडनाव तिला ठाऊक होते, आणि गावात असती तर तिने तो डबा उघडला नसता. पट्टी सुटल्यावर तिने प्रथम वहिनींचा चेहरा पाहिला. नंतर मला म्हणाली, "लय गुणाची बाई हे. तिच्या घरी मला घेऊन चल, मला तिच्या चुलीपाशी बसायचंय." ती गेली आणि बसली. साहेबांनी याचा उच्चार कधीही, कुठेही केला नाही.

मग गाड्या जुन्या होऊ लागल्या.

वाहतुकीच्या कामात नसलेल्या वाचकांना हे कदाचित कळणार नाही, म्हणून सांगतो. रस्ता एकदा बांधून होतो, पण बस रोज चालवावी लागते. डिझेल महाग झाले, पुन्हा महाग झाले. तिकीट वाढवायला वरून परवानगी मिळेना, कारण निवडणुका जवळ होत्या. आणि वाढवले असते तर ज्या गरिबांसाठी हे सारे होते तेच चालत गेले असते. टायर गुळगुळीत झाले तरी बदलता येईनात. सुटे भाग मिळेनात, म्हणून डेपोतल्या एका गाडीचे भाग काढून दुसरीला लावायचे. मग ती पहिली गाडी कायमची उभी. हळूहळू उभ्या गाड्यांची रांग लांबत गेली आणि चालत्या गाड्यांची आखडत गेली. पट्ट्यावर पहारा ठेवायला माणसे नव्हती, तेव्हा ट्रकवाल्यांनी तिथे ट्रक लावायला सुरुवात केली. बस पुन्हा त्याच जुन्या गर्दीत अडकू लागली. लोक थांबून कंटाळले आणि ज्यांना परवडले त्यांनी स्कूटरी घेतल्या. त्यामुळे तिकिटाचे उत्पन्न आणखी घटले.

साहेब मुंबईला खेपा घालत राहिले. प्रत्येक वेळी गाडीतून उतरले की सरळ डेपोत येत, म्हणून आम्हाला घरच्यांआधी उत्तर कळे. उत्तर एकच असे : ती योजना पूर्ण झाली आहे. बांधणी पूर्ण म्हणजे योजना पूर्ण. चालवण्याचा भाग मंजूरच कुठे झाला होता? एकदा त्यांना तेच अध्यक्ष भेटले. त्यांनी प्रेमाने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साळवे, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना, टायरांना कोणी विचारत नाही."

ही गोष्ट सांगताना साहेब हसले होते. मी त्यांना तसे हसताना आधी कधी पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहावेसे वाटले नाही.

शेवटी सेवा बंद करण्याचा आदेश आला. "तात्पुरती स्थगित" असा शब्द होता. फलाटांवर सूचना चिकटवा म्हणजे झाले, असे वरिष्ठांनी सांगितले. साहेबांनी सूचना चिकटवू दिल्या नाहीत. त्या दिवशी सकाळपासून ते नाशिकरोडच्या फलाटावर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगू लागले, "आजपासून ही बस नाही. खालच्या थांब्यावर साधी बस मिळेल." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. काही माणसे चिडली, एकाने शिवी दिली. साहेब ऐकून घेत होते.

एकलहऱ्याचा एक कामगार डबा हातात घेऊन समोर उभा राहिला. "साहेब, पेपरात तात्पुरती लिहिलंय. तात्पुरती म्हंजी किती दिस?"

मी साहेबांकडे पाहिले. आदेशातला शब्द उच्चारला असता तर सुटका होती.

"तात्पुरती नाही," साहेब म्हणाले. "बंद झाली."

"मंग असं खोटं कशाला छापलं?"

"तुम्ही वाट बघत बसावं म्हणून. बसू नका. दुसरी काही सोय बघा."

त्या माणसाने डबा या हातातून त्या हातात घेतला. "लय चांगली होती ओ," एवढे बोलून तो खालच्या थांब्याकडे गेला. या उत्तरासाठी साहेबांना कचेरीतून जाब विचारला गेला. त्यांनी उत्तर दिले, "लोकांनी विचारलं, मी सांगितलं." एवढ्यावर त्यांची धुळ्याला बदली झाली.

बदलीचा आदेश हातात पडेपर्यंत काही आठवडे गेले. त्या आठवड्यांत साहेब रोज सकाळी उपनगरला जात. साध्या थांब्यावर विमलबाईंच्या शेजारी उभे राहत, बस आली की दारापुढे जाऊन ड्रायव्हरला थांबवून ठेवत आणि बाई चढेपर्यंत बाजूला होत नसत. आत ओढून घेणारे हात पुन्हा आलेच. एक दिवस चढताना बाईंचा बूट पायरीत अडकला आणि त्या रस्त्यावर पडल्या. साहेबांनी त्यांना उचलले. लागले फारसे नव्हते. पण पातळ फाटले होते, आणि सबंध बस खिडक्यांतून पाहत होती. बाई त्या दिवशी शाळेत गेल्या नाहीत. साहेबांनी त्यांना रिक्षाने घरी पोहोचवले. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या : "साहेब, तीन वर्षांत मला पडायची सवय राहिली नाही."

साहेब धुळ्याला गेले. शाळेजवळ बाईंसाठी खोली पाहण्याचा मी प्रयत्न केला. एकट्या बाईला, त्यातही अधू बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना. रोज रिक्षा करण्याइतका त्यांचा पगार नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या शाळेत परतल्याच नाहीत. राजीनामा देऊन त्या घोटीला भावाकडे राहायला गेल्या.

पुढे रस्ता रुंद करण्याचे काम निघाले आणि फलाट पाडले गेले. बदलीवरून परतलेले साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. मी त्यांना कळवायचे टाळले होते, पण त्यांना समजले. आम्ही दोघे उपनगरला गेलो. मजूर घण घालत होते. साहेबांनी मुकादमाला सहज विचारले, "जड जातंय का?"

"लय पक्कं केलंय कोणी तरी," मुकादम म्हणाला.

परतताना साहेब मला म्हणाले, "कुटे, बांधायलाच नको होतं."

"असं कसं म्हणता साहेब? तीन-चार वर्षं हजारो लोकांची सोय झाली."

"त्यांच्या आधीच्या हालांची त्यांना सवय होती. मी ती मोडली आणि पुन्हा त्यांना तिथेच नेऊन सोडलं. बस सुरू झाल्यावर विमलबाईंनी माझ्या भरवशावर हंगामी नोकरी कायम करून घेतली. मागची पानं काढली त्या दिवशी मला ठाऊक होतं की बस किती वर्षं चालेल. टायरांचा हिशेब मीच केला होता ना."

मी तेव्हा वाद घातला. आज मला माझी बाजू तितकी भक्कम वाटत नाही. साहेबांच्या बदलीनंतर त्याच रस्त्यासाठी आणखी दोन योजना आल्या. दोन्हींची बांधणीची पाने सुबक होती. चालवण्याची पाने कोणी लिहिलीच नव्हती, कारण ती लिहिणाऱ्याचे काय होते ते सर्वांनी पाहिले होते. साहेबांच्या कामातून आमचे खाते जर काही शिकले असेल तर ते एवढेच. गौरवग्रंथात शिष्याने लिहावे असे हे वाक्य नाही. पण साहेबांनी फलाटावर उभे राहून जो शब्द टाळला तसला शब्द मी या पानांवर वापरू इच्छित नाही.

साहेबांच्या साठीच्या समारंभाचे ठरल्यावर मी घोटीला जाऊन आलो. विमलबाई भावाच्या भाताच्या गिरणीत बसतात, येणाऱ्या पोत्यांची नोंद ठेवतात. संध्याकाळी दोन-चार मुली गणित शिकायला येतात, असे त्यांच्या भावजयीने सांगितले. मी निमंत्रण दिले. त्यांनी चहा मागवला, साहेबांच्या तब्येतीची, वहिनींची चौकशी केली. मग म्हणाल्या, "मी येणार नाही, कुटे."

"साहेबांवर राग आहे का बाई?"

"नाही हो. त्यांच्यावर कसला राग? तेवढं मात्र त्यांना नक्की सांगा. पण नाशिकला आलं की शाळेवरून जावं लागतं. सुट्टीची वेळ असली तर मुली बाहेर येतात. ते मला बघवत नाही."

परतल्यावर मी साहेबांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, वहिनी शेंगा सोलत होत्या. मी बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. गोड करून सांगावा असे वाटेत मनात आले होते, पण या माणसापुढे ते जमत नाही. साहेबांनी खुर्ची वहिनींच्या सुपाजवळ ओढली. मग त्यांनी विचारले, "शिकवतात म्हणालात ना?"

"हो. दोन-चार मुली येतात."

"मुली चालत येत असतील?"

"हो साहेब. गावातल्याच आहेत."

त्यांनी मान हलवली आणि वहिनींच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन सोलू लागले.

साहेब साठ वर्षांचे झाले. गुडघे कुरकुरतात, रक्तदाब आहे, पण नजर स्वच्छ आहे आणि बोलण्यात खोट नाही. त्यांनी मनासारखे काही पाहावे इतके आयुष्य त्यांना मिळो, अशी इच्छा लिहायला मी बसलो होतो. पण तसे काही होईल असे मला वाटत नाही, आणि तशी आशा दाखवलेली त्यांना आवडणार नाही. म्हणून एवढेच मागतो : त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, कमलवहिनींची सोबत त्यांना खूप वर्षे लाभो, आणि रात्री त्यांना शांत झोप लागो.